आवाज न होणारे खेळ

वरून धाडकन आवाज झाला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश आपला आपणच खाली आला. ग्रंथपाल बाईंच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. शब्दकोशाला काही झालं नाही. पण बाईंचा पारा जो चढला, तो जिना चढूनच थांबला.

तशी ती स्वभावाने शांत. वय एकोणतीस, चष्मा हलका, चाल त्याहून हलकी. शाळेच्या वाचनालयात मुलं कुजबुजली तरी ती नुसती मान वर करायची आणि कुजबुज विरघळायची. पण गेले पंधरा दिवस शाळेचं मैदान पाईप टाकण्यासाठी खणून ठेवलं होतं, आणि पाचवीचा खेळाचा तास वाचनालयाच्या बरोबर डोक्यावरच्या हॉलमध्ये हलवला होता. सोबत नवीन आलेले खेळाचे सर. त्यांना तिनं अजून पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र भरपूर होतं.

तिनं हॉलचं दार ढकललं, आणि…

"थांबा! पाय ठेवू नका!"

एक उंच माणूस हॉलच्या मध्यभागी एका पायावर उभा होता. पायाखाली रुमालाएवढा घडी घातलेला कागद, पाठीवर एक मुलगा, दोन्ही दंडांना दोन मुली. आजूबाजूला बाकीची पाचवी अशाच कागदांच्या तुकड्यांवर एकमेकांना चिकटून उभी.

"का ठेवायचा नाही?" तिनं विचारलं.

"खाली समुद्र आहे."

"आणि मगरी," एक मुलगी गंभीरपणे म्हणाली. ही वर्गाची मॉनिटर. प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेते म्हणून सगळे तिला 'वकील' म्हणायचे.

"शिट्टी झाली की कागदाची घडी घालायची," तो तसाच डोलत सांगू लागला, "बेट अर्धं होतं. पण माणसं तेवढीच. कोणालाही बुडू द्यायचं नाही…"

ती ऐकत नव्हती. ती कागदाकडे बघत होती. ते वर्तमानपत्र होतं. या आठवड्याचं! सकाळपासून तिनं ज्यांच्यासाठी अख्खं वाचनालय पालथं घातलं होतं, ते सगळे पेपर.

"हे माझे पेपर आहेत! फाईलला लावायचे!"

"अरे देवा… शिपाईकाका म्हणाले रद्दी आहे. देतो, लगेच देतो. फक्त मी आत्ता मंगळवारावर उभा आहे, आणि उतरलो तर…"

उतरायची वेळच आली नाही. चौघंही मंगळवारासकट कोसळले. धाडकन! 'सर बुडाले, सर बुडाले' असा जल्लोष झाला. आणि तो फरशीवर उताणा, छातीवर एक मुलगी घेऊन, तिच्याकडे बघून हसला. अगदी मनापासून, लाज न वाटता. ती त्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, आणि ही गोष्ट तिला मुळीच आवडली नाही.

म्हणून ती खाली गेली आणि तिनं अर्ज लिहिला. 'महोदया, वरील मजल्यावर खेळाच्या तासाला होणाऱ्या असह्य आवाजामुळे व बेशिस्तीमुळे वाचनालयाच्या कामात व्यत्यय येत असून…' नमनाला घडाभर तेल न घालता चार ओळींत काम संपवलं. 'बेशिस्त' या शब्दाखाली रेघसुद्धा मारली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे रजेवर होत्या. ऑफिसातल्या काकांनी अर्जावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि तो फाईलमध्ये ठेवला. "बाई आल्या की सगळ्यात आधी हाच पुढे करतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खेळाचे सर वाचनालयाच्या दारात उभे. दोन्ही हातांवर पेपरांची चळत, परीटघडीची.

"तुम्ही… पेपरांना इस्त्री केलीत?"

"शर्टाला करतो तशीच केली. गुरुवार जरा करपलाय." त्यानं हळूच करपलेला कोपरा दाखवला. "आणि बुधवारचं शब्दकोडं इस्त्री करता करता सोडवून टाकलं. पेन्सिलनं. खोडू का?"

तिनं कोडं बघितलं. "सातवा आडवा चुकलाय."

"सातवा अंदाजेच ठोकला होता." तो जायला वळला, मग थांबला. "मॅडम, एक विचारू? आवाज न होणारे खेळ असतात का हो पुस्तकांत? मला सगळे मैदानावरचे येतात. आणि ही मुलं दहा-अकरा वर्षांची. लहान मुलांचे खेळ दिले तर त्यांचा अपमान होतो, मोठ्यांचे दिले तर छत खाली येतं."

"छत नाही. शब्दकोश," ती म्हणाली, आणि काल काय झालं ते तिनं सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. "तुम्हाला लागलं का?" त्यानं इतक्या काळजीनं विचारलं की, थोडं लागलं असतं तरी चाललं असतं, असं तिला वाटून गेलं.

खेळांचं पुस्तक एकच निघालं, तेही मुखपृष्ठ हरवलेलं. मग दोघांनी मिळून खेळ शोधले, जुळवले, काही स्वतःच रचले. पहिल्या दिवशी त्यानं अख्ख्या वर्गाला एक शब्द न बोलता वाढदिवसाच्या क्रमानं रांगेत उभं राहायला लावलं. बोटांनी महिने, टाळीशिवाय, ओठ न हलवता. तास संपल्यावर तो धावत खाली आला. "साडेअकरा मिनिटं! एका पोराला शिंक आली, ती त्यानं गिळली! तुम्हाला खाली ऐकू आलं काही?"

"एक बाक सरकला. दहापैकी आठ."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. तास सुटला की तो खाली यायचा, दाराच्या चौकटीला टेकायचा.

"आज किती?"

"सात."

"तीन कुठे गेले?"

"दोघं हसले. खडूचा डबा पडला. आणि शेवटी तुम्ही 'शाब्बास' म्हणालात."

"माझं शाब्बास इथपर्यंत ऐकू येतं?"

"…येतं."

"मग उद्यापासून हळू म्हणतो."

"नको… म्हणजे, चालेल. तेवढं चालेल." आणि तिनं घाईघाईनं नोंदवहीत तोंड घातलं. नोंदवही उलटी होती.

राजाचा खेळ मुलांना सगळ्यात आवडला. गोल करून बसायचं, एकाला बाहेर पाठवायचं, आतल्यांनी गुपचूप एक राजा ठरवायचा. राजा डोकं खाजवेल तर सगळ्यांनी खाजवायचं, राजा गुडघे थोपटेल तर सगळ्यांनी थोपटायचे. बाहेरच्यानं आत येऊन राजा ओळखायचा. एकदा ती सहज डोकावली तर मुलांनी तिलाच बाहेर उभं केलं. तिनं आत येऊन एका दमात राजा ओळखला.

"कसं काय, बाई?" वकीलनं लगेच तपास सुरू केला.

"सोपं आहे. सगळे ज्याच्याकडे मुद्दाम बघायचं टाळतात, तो राजा."

हे ऐकल्यावर खेळाचे सर, जे मघापासून तिच्याकडे अजिबात न बघता खिडकीकडे बघत होते, ते एकदम खोकले.

घरी तिची वहिनी चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "काय गं, हल्ली भांडी घासतानासुद्धा गुणगुणतेस. शाळेत कोण नवीन आलंय?"

"कुठे कोण? मैदानावर पाईप टाकायला माणसं आलीत, तेवढीच."

"बरं बरं. मग पाईपवाल्याला एकदा घरी बोलाव," वहिनी म्हणाली. "मांजर डोळे मिटून दूध पितं, पण आम्ही उघडेच ठेवलेत हो!"

सगळं असं छान चाललं होतं. आणि एका दुपारी तो चौकटीला टेकून म्हणाला, "मोठ्या बाई सोमवारी येतायत. माझं वर्षाचं कंत्राट आहे, माहितीये ना? या महिन्यात ठरणार, कायम करायचं की नाही. ऑफिसातले काका म्हणाले, फाईल स्वच्छ असली की झालं. आणि माझ्या फाईलमध्ये एकही तक्रार नाही!"

तीन आठवड्यांत त्या अर्जाची तिला एकदाही आठवण झाली नव्हती. तो गेल्या गेल्या ती ऑफिसात धावली.

"काका, तो माझा अर्ज… जरा परत मिळेल?"

"बाई, आवक क्रमांक पडलाय. एकशे सत्तावीस." काकांनी चष्मा पुसला. "सुटलेला बाण एक वेळ परत येईल, नोंदलेला अर्ज येत नाही."

आता त्याला सांगायला हवं होतं. आज सांगू, म्हणून गुरुवार गेला. शुक्रवारी ती पक्कं ठरवून वर गेली, तर दारातच वकीलनं तिला पकडलं. "बाई, बरं झालं आलात! एक जण गैरहजर आहे, रांग अपुरी पडतेय. बसा, बसा."

त्या दिवशी 'वीज' चालली होती. समोरासमोर दोन रांगा, सगळ्यांनी हातात हात धरायचे, डोळे मिटायचे. डोळे उघडे फक्त दोन्ही रांगांतल्या पहिल्याचे. वकील नाणं उडवणार. छापा आला की पहिल्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, त्यानं पुढच्याचा, त्यानं पुढच्याचा… आणि दाब शेवटच्यापर्यंत पोचला की त्यानं मधलं डस्टर झडप घालून उचलायचं. ज्या रांगेचं डस्टर, ती जिंकली. तोंडातून चकार शब्द नाही.

तिची जागा सरांच्या शेजारी निघाली. एका हातात एका मुलीचा छोटासा घामेजला हात. दुसऱ्या हातात त्याचा. कोरडा, उबदार, बोटांना खडूची भुकटी लागलेला. तिनं डोळे मिटले. हॉलमध्ये इतकी शांतता होती की खालच्या मैदानावर कुदळी पडत होत्या त्यासुद्धा ऐकू येत होत्या. नाणं उडालं… खाली पडलं…

आणि त्यानं तिचा हात दाबला. हलकेच. नियमाप्रमाणे.

तिला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून, आणि थोड्या वेळानं समोरच्या रांगेनं 'जिंकलो!' म्हणून डस्टर नाचवलं तेव्हा तिला आठवलं की आपणही काहीतरी करायचं होतं.

"थांबा!" वकील कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या रांगेची वीज मध्येच कुठे गेली? चौकशी होणार." आणि ती पहिल्यापासून एकेकाला विचारत सरकू लागली. "तुला मिळाली? पुढे दिलीस? तुला मिळाली? सर, तुम्हाला मिळाली?"

"मिळाली."

"पुढे दिलीत?"

"दिली," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाई, तुम्हाला मिळाली?"

"…मिळाली."

"मग पुढे का नाही दिलीत?"

पाचवीचे साठ-एक डोळे तिच्यावर रोखले गेले. "विसरले," ती म्हणाली. वकीलला हे उत्तर अजिबात पटलं नाही, पण तेवढ्यात घंटा झाली.

मुलं पायऱ्यांवरून धबाधबा उतरून गेली. तो डस्टर हातात घेऊन उभा होता, फिरवत. मग म्हणाला, "मॅडम… खरंच विसरलात?"

त्या क्षणी तिला त्याला खूप काही सांगायचं होतं. पण एक गोष्ट लपवून दुसरी कशी सांगणार?

"सर, मी तुमच्याविरुद्ध अर्ज दिलाय."

तो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "कधी?"

"पेपरच्या दिवशी. आवाजाबद्दल. नोंदला गेलाय, परत मिळत नाही. 'बेशिस्त' असंही लिहिलंय… खाली रेघ मारून. मला खूप आधी सांगायला हवं होतं."

त्यानं डस्टर फळ्याच्या कडेवर ठेवलं. सरळ, नीट. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी तो गुण विचारायला आला नाही. सोमवारी सकाळी सहज डोकावलाही नाही. ती सकाळभर दाराच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसली. पूर्वी आवाजामुळे कामात लक्ष लागत नव्हतं. आता कशामुळे लागत नव्हतं ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. समोर अर्ज क्रमांक एकशे सत्तावीस.

"मला तो मागे घ्यायचा आहे," ती म्हणाली.

"तीन आठवड्यांपूर्वी असह्य होतं, आज सुसह्य झालं?" मोठ्या बाई उठल्या. "खेळाचा तास आत्ताच आहे ना? चला. मी स्वतः ऐकते."

दोघी वाचनालयात समोरासमोर बसल्या. वर पाचवी. दहा मिनिटं गेली. टाचणी पडली असती तर दचकायला झालं असतं.

"मुलं आहेत ना वर?" मोठ्या बाईंनी संशयानं छताकडे बघितलं.

"आहेत."

आणि मग… धप्प! पाठोपाठ तीसेक पोरांचं खदाखदा हसणं, आणि त्यात मिसळलेलं एका मोठ्या माणसाचं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "हं?"

पुस्तक पडलं, बाक मोडला, काहीही सांगता आलं असतं. पण ती सरळ उभी राहिली.

"मुलं खेळणार म्हटल्यावर थोडा आवाज व्हायचाच, बाई. एका माणसानं तीन आठवडे रोज नवा खेळ शोधलाय, खाली मला त्रास होऊ नये म्हणून. ती मुलं आता एकमेकांकडे बघायला शिकलीत, एकमेकांसाठी थांबायला शिकलीत. त्याला बेशिस्त म्हणणं ही माझी चूक होती. मी अर्ज लिहिला तेव्हा त्यांना ओळखत नव्हते." जरा थांबून ती म्हणाली, "आणि मला स्वतःला खेळताही येत नव्हतं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. बत्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. पोरांचे चेहरे वाचता वाचता मोठ्यांचेही वाचायला शिकलेली. "अर्ज मागे घ्यायचा तर लेखी द्या. कारणासकट. खाली संबंधितांचा अभिप्राय आणि सही. शाळा सुटायच्या आत."

तिनं अर्ज लिहिला. तीन कागद फाडले, चौथा पक्का केला, सही केली आणि जिना चढली.

तो हॉलमध्ये एकटाच बाक लावत होता. तिनं कागद पुढे केला. "अभिप्राय हवाय. आणि सही."

त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'महोदया, वरील मजल्यावरील आवाजाची मला सवय झाली असून, तो नसल्यास वाचनालयाच्या कामात व्यत्यय येतो. संबंधित शिक्षक दोन दिवस खाली न आल्याने…'" त्याचा आवाज हळू झाला. "'…न आल्याने कोणतेही काम होऊ शकलेले नाही. सबब, मूळ अर्ज रद्द समजावा.'"

त्यानं कागद बाकावर ठेवला. "मला अर्जाचा राग नव्हता आला. आवाज होतच होता. मला वाटलं… तुम्हाला अपराधी वाटत होतं म्हणून तुम्ही माझ्याशी गोड बोलत होता. आठ, सात, शाब्बास… सगळं त्यासाठीच. आणि मी वेडा, रोज धावत येत होतो. मी काय गुण विचारायला येत होतो का?"

"अर्ज दिलाय हे मला आठवतच नव्हतं, सर. खरंच. तुम्ही आलात की मला काहीच आठवायचं नाही." तिनं एक श्वास घेतला. "आणि शुक्रवारी मी विसरले नव्हते. मला हात सोडायचा नव्हता. तुम्ही मला आवडता. हे अर्जात लिहीत नसतात, म्हणून तोंडी सांगतेय."

खाली शाळा सुटल्याची घंटा झाली. तो हसायला लागला, फरशीवर पडला होता तेव्हा हसला होता त्याहून जास्त. "द्या, पेन द्या," तो म्हणाला. कागद तिनं धरून ठेवला. त्यानं एका झटक्यात सही ठोकली, आणि दोघंही जिन्यावरून धावत सुटले. शिक्षकांनी जिन्यावर धावू नये, अशी पाटी होती तिथे.

काकांनी कागद उजेडात धरला. वर-खाली केला.

"हे काय? अभिप्रायाची जागा कोरी. आणि सर, तुम्ही सही कुठे केलीत? ही अर्जदाराची जागा आहे. बाईंच्या सहीला चिकटून! आता ह्यात अर्जदार कोण आणि संबंधित कोण?"

तिनं बघितलं. त्यानंही. एकाच ओळीत, एकाच रेघेवर, शेजारी शेजारी दोन सह्या.

"पुन्हा लिहून आणतो," तो पुटपुटला.

"काही नको." मोठ्या बाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद घेतला, तळापासून वरपर्यंत वाचला, मग त्या दोघांना डोक्यापासून पायापर्यंत. "आवक नोंदवा, काका. अर्जदार दोन, असं लिहा." मग त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि सर, उद्या तुमच्या नेमणुकीच्या कागदावर सही करायची आहे. कायमच्या. ती तरी जागेवर करा."

काकांनी रजिस्टर उघडलं, चष्मा नाकावर सारला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: अर्जदार, दोन.